आयल रॉयल बेटावरची अभ्याससहल: पालकांचे आणि मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या मराठी मुलांचा एक गट अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सुपीरियर या सरोवरातल्या आयल रॉयल राष्ट्रीय उद्यानात नेतो. नाव नोंदवण्याआधी आणि नंतरही पालकांचे फोन येत राहतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो भाग समजल्याशिवाय या सहलीला येण्यात अर्थ नाही. मुलांनी स्वतः वाचावं, आईबाबांनी वाचून सांगू नये, अशी विनंती.

हे बेट नेमकं आहे कुठे?

लेक सुपीरियरच्या वायव्य भागात. राज्य मिशिगन, पण मिशिगनची मुख्य भूमी इथून सर्वांत लांब. मिनेसोटा आणि कॅनडाचा किनारा त्यामानाने जवळ, साधारण २४ किलोमीटरवर. १७८३च्या पॅरिस तहात ब्रिटन आणि अमेरिकेची हद्द ठरवताना रेषा या बेटाच्या उत्तरेकडून नेली, म्हणून ते अमेरिकेत आलं. त्याच तहात फिलिपो नावाच्या आणखी एका बेटाचा उल्लेख आहे. ते बेट नकाशावर होतं, पण सरोवरात कधीच नव्हतं.

बेट ७२ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त १४ किलोमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ बृहन्मुंबईपेक्षा थोडं कमी. भोवती साडेचारशेच्या आसपास लहान बेटं. एकही रस्ता नाही, एकही मोटार नाही. १९४० साली हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९७६ साली त्याची जवळजवळ सगळी जमीन कायद्याने ‘विल्डरनेस’ म्हणून, म्हणजे शक्यतो हात न लावता ठेवायचं रान म्हणून, राखली गेली. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल उद्यान पूर्ण बंद असतं.

यलोस्टोनला का नाही? तिथे जास्त प्राणी दिसतात की.

दिसतात, आणि यलोस्टोनला जरूर जा. पण तिथे गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा आणि पुढे जायचं असं होतं. आयल रॉयलला वर्षभरात जेवढे लोक येतात, त्याहून जास्त लोक यलोस्टोनला उन्हाळ्यातल्या एकाच चांगल्या दिवशी येऊन जातात. इथे आलेला माणूस मात्र तीन-चार दिवस राहतो.

खरं कारण वेगळं आहे. मुख्य भूमीवरच्या जंगलात एखादा प्राणी कमी झाला तर कारणं शंभर असू शकतात: शिकार, रस्ते, शेती, दुसरीकडून आलेला प्राणी. इथे शिकार नाही, शेती नाही, अस्वल नाही, साधं हरीणही नाही. मुख्य भूमीवर सस्तन प्राण्यांच्या चाळीसहून अधिक जाती आहेत, बेटावर त्यांच्या निम्म्याही नाहीत. मोठा शाकाहारी एकच, मूस, म्हणजे हरणाच्या कुळातलं एक प्रचंड जनावर. त्याला मारणारा एकच, लांडगा. पात्रं इतकी कमी असल्यामुळे कारण आणि परिणाम यांचा धागा बारा वर्षांच्या मुलालाही हातात धरता येतो. आम्ही एवढा लांबचा पल्ला त्यासाठी मारतो.

जायचं कसं? किती दिवस?

आपण मिनेसोटातल्या ग्रँड पोर्टेजहून जातो. मिनियापोलिसहून तिथवर गाडीने साधारण पाच तास. शिकागोच्या कुटुंबांनी आदल्या दिवशी डुलुथला मुक्काम करावा. ग्रँड पोर्टेजहून ‘व्हॉयेजर टू’ ही लहान बोट दोनेक तासांत बेटाच्या पश्चिम टोकाला, विंडिगोला पोचते. डेट्रॉइटकडचे पालक विचारतात, मिशिगनमधून का नाही? तिथूनही बोटी आहेत. कॉपर हार्बरहून साडेतीन तास लागतात. हॉटनहून उद्यानाची स्वतःची ‘रेंजर थ्री’ सहा तास घेते. पण त्या बोटी पूर्व टोकाला, रॉक हार्बरला जातात आणि आपल्याला बेटाची दोन्ही टोकं हवी आहेत. ‘व्हॉयेजर टू’ बेटाला पूर्ण फेरी मारते, वाटेत ठरावीक धक्क्यांवर थांबते, म्हणून ती सोयीची.

सहल साधारण आठवड्याची असते. नेमक्या तारखा बोटीचे वार पाहून ठरतात. पहिले दोन मुक्काम विंडिगोजवळ वॉशिंग्टन क्रीकला. मग बोटीने बेटाला वळसा घालून रॉक हार्बर. तिथून पाठीवर सॅक घेऊन थ्री माइल आणि पुढे डेझी फार्मपर्यंत चाल, एकूण साडेअकरा किलोमीटर, दोन दिवसांत. डेझी फार्मलाच परतीची बोट मिळते.

घड्याळाचं मात्र लक्षात ठेवा. ग्रँड पोर्टेजला सेंट्रल वेळ असते, बेटावर ईस्टर्न. फोन आपोआप वेळ बदलेल यावर विसंबू नका. प्रत्येक मुलाच्या हातात साधं घड्याळ हवं.

मुलं तिथे नक्की काय शिकणार?

तीन गोष्टी पाहायला शिकवतो: कुंपण, झाड आणि हाड.

विंडिगोला धक्क्यापासून थोडं चढून गेलं की एक छोटी निसर्गवाट आहे. तिथे जंगलाचा एक तुकडा उंच जाळीचं कुंपण घालून मूसपासून वाचवून ठेवला आहे. बेटावर अशी प्रायोगिक कुंपणं १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून घातली गेली. मुलांना काहीही न सांगता आम्ही कुंपणापाशी उभं करतो आणि दोन्ही बाजूंचं चित्र काढायला लावतो. आत बाल्सम फर या सूचिपर्णी जातीची झाडं दाट, अंगाला अंग लावून उभी. बाहेर तीच जात, तीच माती, तोच पाऊस, पण झाड गुडघ्याएवढं. त्या बुटक्या फरच्या फांद्या नीट पाहा. प्रत्येक फांदीचं टोक खुडलेलं असतं, त्याच्या बाजूने नवा फुटवा, तोही खुडलेला, परत त्याच्या बाजूने आणखी एक. बागेतल्या मेंदीच्या कुंपणासारखं ते झाड गच्च आणि बुटकं होतं. दिसायला रोप, पण वय कदाचित तुमच्या ताईपेक्षा जास्त. हिवाळ्यात पानं गळून गेलेली असतात तेव्हा मूसला हिरवं असं फारसं उरत नाही. मग तो फरच खातो, वर्षानुवर्षं. बेटाच्या पश्चिम भागात फरची एक अख्खी पिढी त्यामुळे उंच होऊच शकली नाही.

आता याला जोडून दुसरी गोष्ट. बेटाच्या ईशान्य टोकापलीकडे पॅसेज आयलंड आहे. मूस तिथे कधी वस्तीला गेले नाहीत. मोठ्या बेटावर जे कॅनडा यू नावाचं झुडूप शोधावं लागतं, ते तिथे माजलेलं आहे. म्हणजे माणसाने कुंपण घालून केलेला प्रयोग निसर्गाने पाण्याचं कुंपण घालून आधीच करून ठेवला आहे. आपण तिकडे जात नाही, पण फोटो आणि नकाशा समोर ठेवून मुलांनीच हे अनुमान काढावं अशी आमची धडपड असते. कुणीतरी एक मूल ते काढतंच.

हाडांचं सांगायचं तर, मेलेल्या मूसची कवटी आणि जबडा इथे पुस्तकासारखे वाचले जातात. जबड्यातल्या दाढा किती झिजल्या आहेत यावरून वयाचा अंदाज येतो. दाताचा छेद घेतला की झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलयं मोजता येतात. संशोधकांनी अशी हजारो मूसची हाडं बेटावरून गोळा केली आहेत. त्यातून कळलेली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. उपासमारीच्या वर्षांत जन्मलेल्या मूसची हाडं आखूड राहतात आणि म्हातारपणी त्यांच्या सांध्यांना संधिवात होण्याचं प्रमाण जास्त असतं. लांडगे ज्यांना पाडतात त्या म्हाताऱ्या मूसमध्ये असे लंगडे पुष्कळ असतात. आईच्या पोटात असताना आणि पहिल्या वर्षी काय खायला मिळालं, त्याचा हिशेब बारा-चौदा वर्षांनी लांडग्यासमोर होतो.

लांडगा दिसेल का?

बहुधा नाही. उद्यानात येणाऱ्या फार थोड्या लोकांना तो दिसतो. पाऊलखुणा, केसांनी भरलेली विष्ठा आणि नशीब असेल तर रात्री लांबून ओरडणं, इतकं मिळू शकतं. ‘लांडगा दाखवा’ म्हणून कुणी नाव नोंदवू नये. एक मात्र सांगतो: सोलापूरच्या माळरानावर मेंढ्यांमागे फिरणारा लांडगा आणि हा बर्फातला लांडगा एकाच जातीचे आहेत. तो अंगाने किडकिडीत आणि हा धिप्पाड का झाला, याचा विचार करायला लांडगा समोर यावा लागत नाही.

मग लांडगे किती आहेत हे कसं मोजतात?

विमानातून, हिवाळ्यात. उद्यान बंद असतं तेव्हा संशोधकांचा छोटा गट बेटावर राहतो. स्की लावलेलं लहान विमान बर्फावर उतरतं आणि उडतं. पानं गळलेली, जमीन पांढरी, त्यामुळे पाऊलवाटा वरून दिसतात. हा अभ्यास १९५८ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या डरवर्ड ॲलन यांनी सुरू केला. त्यांचे पहिले विद्यार्थी डेव्हिड मीच (Mech) पुढे लांडग्यांवरचे जगातले मोठे अभ्यासक झाले. १९७०पासून रॉल्फ पीटरसन या कामात आले. नंतर हे काम मिशिगन टेक विद्यापीठाकडे गेलं आणि आजही चालू आहे. शिकारी आणि भक्ष्य यांच्या नात्याचा एका जागी इतका दीर्घ काळ चाललेला अभ्यास जगात दुसरा नाही.

२०२४च्या हिवाळ्यातला अंदाज ३० लांडगे आणि ८४० मूस असा होता. त्या वर्षी हवामानामुळे हिवाळी मोजणी मधेच थांबवावी लागली होती.

लांडगे माणसांनी आणून सोडले असं वाचलं. हे जंगल ‘जसं आहे तसं’ ठेवायचं असतं ना?

हाच या सहलीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. डेझी फार्मला शेवटच्या संध्याकाळी मुलांमध्ये यावरच चर्चा असते, म्हणून माहिती आधी देऊन ठेवतो.

मूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बहुधा पोहत, बेटावर आले. जवळपास पन्नास वर्षं त्यांना कुणी शत्रू नव्हता. १९४०च्या दशकाच्या अखेरीस सरोवर गोठलं आणि काही लांडगे बर्फावरून चालत आले. मग दोघांची संख्या एकमेकांच्या तालावर वरखाली होत राहिली. १९८० साली लांडगे पन्नासवर पोचले. दोन वर्षांत ते चौदावर आले. कारण कुत्र्यांचा पार्व्हो विषाणू. बेटावर कुत्रा आणायला बंदी आहे, तरी तो रोग कुत्र्याबरोबरच आला असं मानतात. म्हणजे ‘निसर्गावर सोडून द्या’ हे वाक्य तिथेच मोडलं होतं.

लांडगे कमी झाल्यावर मूस वाढले, १९९०च्या दशकात दोन हजारांच्या वर गेले, आणि १९९६च्या कडक हिवाळ्यात उपासमार आणि गोचिडांनी त्यांची संख्या पाचशेपर्यंत कोसळली. एका मूसच्या अंगावर हिवाळ्यात हजारो गोचिडी असू शकतात. खाजवून खाजवून केस गळालेला मूस थंडीत टिकत नाही.

दरम्यान लांडग्यांना दुसरीच कीड लागली होती. बाहेरून नवं रक्त येत नव्हतं. नात्यातल्या नात्यात पिल्लं होत राहिली आणि मणक्यांत जन्मजात दोष दिसू लागले. १९९७ साली कॅनडाकडून एक नर बर्फ ओलांडून आला. त्याच्यामुळे कळपांना काही वर्षं उभारी आली, पण त्याची संतती इतकी पसरली की पुढे सगळे त्याचेच नातलग झाले. पूर्वी बर्फाचा पूल वरचेवर व्हायचा. हवा तापत गेली तसा तो दुर्मीळ झाला. २०१२ साली खाणीच्या एका जुन्या, पाण्याने भरलेल्या विहिरीत तीन लांडगे मेलेले सापडले. २०१६पर्यंत उरले दोन: बाप आणि मुलगी, जे एकाच आईच्या पोटचे बहीणभाऊही होते. त्यांचं पिल्लू जगलं नाही.

मग २०१८ आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने मिनेसोटा, मिशिगन आणि ऑन्टारिओतून १९ लांडगे आणून सोडले. त्यातली एक मादी जानेवारी २०१९मध्ये सरोवर गोठताच बर्फावरून चालत परत मिनेसोटाकडे निघून गेली. बाकीचे बरेच रुजले. मूसची संख्या २०१९ साली दोन हजारांच्या थोडी वर होती, ती पाच वर्षांत निम्म्याहून खाली आली.

लांडगे आणायला विरोध करणारे अडाणी नव्हते. त्यांचं म्हणणं, एकदा हात घातला की काढता येत नाही. आज लांडगे आणले, उद्या मूसला औषध द्याल, परवा झाडं लावाल. बाजूने बोलणारे म्हणत होते, बर्फ आपल्या धुरामुळे वितळला, रोग आपल्या कुत्र्याने आणला, खाण आपण खणून सोडून दिली. एवढं करून आता ‘आम्ही हात लावणार नाही’ म्हणणं हा प्रामाणिकपणा नव्हे. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे आणि मी ते मुलांपासून लपवत नाही. पण चर्चेत ते मी सगळ्यात शेवटी सांगतो. आणि आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढणाऱ्याला फरची झाडं दाखवतो: अलीकडे त्यांच्यावर बडवर्म नावाच्या अळीचाही हल्ला आहे. फर सावरले तर श्रेय कुणाचं, आणि नाही सावरले तर दोष कुणाचा, हे दोन-चार वर्षांच्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

मूस धोकादायक असतो का?

हो, लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त. हरणाच्या कुळातलं हे सगळ्यात मोठं जनावर. नर चारशे किलोच्या पुढे जातो. वॉशिंग्टन क्रीकला संध्याकाळी तो पाणवनस्पती खायला ओढ्यात उतरतो, अगदी तंबूंच्या समोर. मिठाची गरज त्याला या वनस्पतींतून भागवता येते. पिल्लासोबतची मादी दिसली तर मागे सरकायचं. कान मागे गेले, मानेवरचे केस उभे राहिले, की मोठं झाड मधे घ्यायचं. फोटोसाठी एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. हा नियम मोडणाऱ्याचा कॅमेरा उरलेल्या दिवसांसाठी आमच्याकडे राहील.

बाकी अस्वल नाही, विषारी साप नाही. कोल्हे मात्र धीट आहेत आणि रात्री बाहेर ठेवलेले बूट पळवतात. बूट आत घ्या.

आमच्या मुलाला दगडांची आवड आहे. त्याच्यासाठी काही?

सह्याद्रीत फिरलेल्या मुलांसाठी तर खजिनाच. बेटाचा कणा असलेली ग्रीनस्टोन धार ही बेसॉल्टची आहे, म्हणजे लाव्हा थिजून झालेली, आपल्या सह्याद्रीसारखीच. फक्त सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा एक अब्ज दहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा उत्तर अमेरिका खंड मधोमध फाटायला लागला होता. भेगेतून लाव्हा वाहत राहिला, पण खंड काही दुभंगला नाही.

आपल्याकडे लाव्ह्याचे थर आडवे, एकावर एक, म्हणून सह्याद्रीला पायऱ्या दिसतात. इथे थरांच्या वजनाने मधला भाग खचला आणि कडा वर उचलल्या गेल्या. आयल रॉयल ही त्या बशीची उत्तर कड, मिशिगनचा किविनॉ द्वीपकल्प ही दक्षिण कड. त्यामुळे बेटावर सगळ्या धारा एकाच दिशेला पडलेल्या आहेत: वायव्येकडून चढ उभा, आग्नेयेकडे उतार सावकाश. नकाशावर लांबट सरोवरं, खाड्या, धारा सगळं समांतर दिसतं ते यामुळेच. वर हिमयुगातल्या बर्फाने घासलेल्या कातळावर ओरखडे आहेत. ते आपल्याकडच्या कातळावर मिळणार नाहीत.

लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं पुढे खनिजांनी भरतात. पुणे-जळगावकडे त्यांत झिओलाइटचे स्फटिक सापडतात, इथे तांबं, अगेट आणि क्लोरॅस्ट्रोलाइट नावाचा कासवाच्या पाठीसारखा हिरवा दगड. तो मिशिगनचं राज्यरत्न आहे. पाहायचा, उचलायचा नाही.

तिथे आधी कुणी राहत होतं का?

हो. ओजिब्वे लोक या बेटाला मिनाँग म्हणतात आणि ग्रँड पोर्टेजच्या ओजिब्वे समाजाचं त्याच्याशी नातं आजही जिवंत आहे. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीपासून माणसं इथे येऊन दगडी हातोड्यांनी कातळ फोडून शुद्ध तांबं काढत होती. ते खड्डे अजून दिसतात. हे तांबं खंडभर दूरवर पोचलं. १८४४ साली झालेल्या करारानंतर खाण कंपन्या आल्या. थ्री माइलहून डेझी फार्मला जाताना सिस्कोविट खाणीचे कुंपण घातलेले खड्डे लागतात. नंतर नॉर्वे-स्वीडनकडून आलेले कोळी उन्हाळाभर राहून मासेमारी करत.

‘विल्डरनेस’ म्हणजे जिथे माणूस कधी नव्हता अशी जागा, असा गैरसमज मुलं शाळेतून घेऊन येतात. तो इथे दूर व्हावा असं मला मनापासून वाटतं. म्हणून बोटीत बसण्याआधी अर्धा दिवस ग्रँड पोर्टेजच्या राष्ट्रीय स्मारकात घालवतो. ते ओजिब्वे समाजाच्या जमिनीवर आहे आणि त्याचा कारभार समाज आणि उद्यान सेवा मिळून पाहतात.

पिण्याच्या पाण्याचं काय?

हे उत्तर कृपया दोनदा वाचा. सरोवराचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, तरी तसंच प्यायचं नाही. लांडग्याच्या विष्ठेतून एका फीतकृमीची अंडी पाण्यात जातात. मूसने ती गिळली की त्याच्या फुप्फुसात गाठी होतात. लांडगा तो मूस खातो आणि चक्र पूर्ण होतं. माणूस यात चुकून शिरला तर यकृतात किंवा फुप्फुसात गाठी होऊ शकतात. क्लोरीनच्या गोळ्यांनी ही अंडी मरत नाहीत. पाणी खळखळून उकळायचं, नाहीतर ०.४ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक फिल्टरमधून गाळायचं. गटाकडे फिल्टर असतात, ते चालवायचं काम मुलांचं. बेटाच्या आतल्या तळ्यांवर कधीकधी हिरवट साय येते. तसं पाणी गाळूनही वापरत नाही.

जेवण? आमच्याकडे सगळे शाकाहारी आहेत.

सगळा स्वयंपाक शाकाहारीच असतो. सॅकमध्ये वजन कमी आणि पोटाला आधार जास्त, या हिशेबात आपले पदार्थ चपखल बसतात. मेतकूट-भात, तुपाची छोटी बाटली, सातूचं पीठ, भाजलेल्या रव्याचा सांजा, दडपे पोहे (ओल्या नारळाऐवजी सुकं खोबरं), खाकरा, शेंगदाण्याची चटणी, गूळपापडीच्या वड्या. दशम्या पहिल्या दोन दिवसांसाठी ठीक. थालीपीठ करू नका, तेल आणि वेळ दोन्ही जातं. फोडणीचं साहित्य घरूनच एकत्र करून आणा. आम्ही गॅसच्या लहान स्टोव्हवर शिजवतो, कारण शेकोटी फार थोड्या ठिकाणी चालते. इंधन सॅकमध्ये न ठेवता बोटीवाल्यांना दाखवून वेगळं द्यावं लागतं.

बेटावर दुकान असतं, पण त्याच्या भरवशावर येऊ नका. रॉक हार्बरचं लॉज कोणत्या वर्षी चालू, कोणत्या वर्षी बंद, हे उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहावं. आपण त्यावर अवलंबून नाही.

झोपायचं कुठे? संडास?

तंबूत. गटांसाठी वेगळ्या जागा राखलेल्या असतात. सात ते दहा जणांच्या गटाला आधी परवाना घ्यावा लागतो आणि दहाच्या वर माणसं चालत नाहीत. म्हणून आपला गट दहाचाच: सात मुलं, तीन मोठी माणसं. ‘आणखी एकाला घ्या ना’ असं म्हणणाऱ्यांना नाही म्हणताना वाईट वाटतं, पण नाहीच. संडास खड्ड्याचे, आंघोळ जवळजवळ नाही. मुलींनी पाळीचं सामान जास्तीचं आणावं, वापरलेलं परत आणायला जाड पिशव्या आम्ही देतो. कचरा सगळाच परत आणतो, चॉकलेटच्या कागदापर्यंत.

मुलाशी रोज बोलता येईल का?

नाही. फोन लागत नाही. कुठेतरी धारेवर लागलाच तर तो कॅनडाच्या टॉवरला लागतो आणि बिल येतं. आमच्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र असतं. ‘सगळे ठीक’ एवढा निरोप संध्याकाळी येईल. एखाद्या दिवशी आला नाही तर घाबरू नका.

कुणी आजारी पडलं तर?

बेटावर डॉक्टर नाही. विंडिगो आणि रॉक हार्बरला रेंजर असतात. खूप गंभीर असेल तर हेलिकॉप्टर किंवा बोट येते, पण धुकं असेल तर तेही थांबतं. म्हणून दमा, ॲलर्जी, आकडी यांपैकी काहीही असेल तर लपवू नका. अशा मुलांना नाकारत नाही, पण तयारी वेगळी करावी लागते. रोजच्या औषधांचे दोन संच पाठवा, एक मुलाकडे, एक आमच्याकडे.

पोहता येत नाही, चालेल?

चालेल, कारण पोहणार कुणीच नाही. जूनच्या सुरुवातीला सरोवराचं पाणी चार-पाच अंशांवर असतं, त्यात काही मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात. धक्क्यावर पळायचं नाही.

कपडे काय?

जुलैतही रात्री स्वेटर लागतो. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. चांगला रेनकोट, वापरून मऊ झालेले बूट, लोकरी मोजे. जून-जुलैत डास आणि चावऱ्या काळ्या माश्या भरपूर, त्यामुळे लांब बाह्यांचे फिके कपडे आणि डोक्यावरून घ्यायची जाळी. सॅक मुलाच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जड नको. निघण्याआधी काही आठवडे ती भरून घराजवळ चालायची सवय करा.

उद्यानाची फी?

१६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला दिवसाला ७ डॉलर. त्याखालच्या मुलांना काही नाही. शैक्षणिक गटांना फीमाफीसाठी आधी अर्ज करता येतो, तो आम्ही करतो. बोटीचं तिकीट वेगळं आणि खरा खर्च तोच.

भारतातून सुट्टीत आलेली भाचरं किंवा आजी-आजोबा येऊ शकतील?

भाचरं येऊ शकतात, वयाची अट तीच, १२ ते १७. पर्यटक व्हिसा पुरतो, बोट हद्द ओलांडत नाही. पासपोर्ट मात्र जवळ हवा, कारण हा सगळा प्रदेश सीमेलगत आहे. आजी-आजोबांसाठी ग्रँड पोर्टेजहून त्याच दिवशी परत येणारी विंडिगोची फेरी सुंदर आहे. कुंपणाची निसर्गवाट त्यांनाही जमते.

आठवण म्हणून काही आणता येतं का?

नाही. दगड, शिंग, पीस, हाड, काहीच नाही. मूसचं हाड किंवा शिंग सापडलं तर ते जागचं हलवायचं नाही. फोटो काढायचा, नकाशावर खूण करायची आणि रेंजरला सांगायचं. कवटी किंवा जबडा असेल तर ते ठिकाण अभ्यासकांना हवं असतं. वहीत तारीख, वेळ, आजूबाजूची झाडं आणि हाडाची मोजपट्टीसह आकृती, एवढं लिहून ठेवा.